स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी निवासी केंद्र कसे पारखावे

कोल्हापुरात एखाद्या वृद्धाश्रमाला चौकशीचा फोन केला की पलीकडून बहुधा पहिला प्रश्न येतो, "आजोबा स्वतःचं स्वतः करतात का?" आंघोळ, जेवण, संडासला जाणे-येणे ज्याला जमते अशाच माणसाला आपल्याकडचे अनेक वृद्धाश्रम ठेवून घेतात, आणि तिथे कामाला असलेल्या माणसांची संख्या पाहता त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. अडचण अशी की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत या प्रश्नाचे खरे उत्तर 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये कुठेतरी असते. माझे वडील, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळेच अण्णा म्हणत, त्या काळात शर्टाची बटणे बिनचूक लावत होते, आमटीत भाकरी कुस्करून जेवत होते आणि रंकाळ्याला फेरी मारून येण्याइतके पायांनी धडधाकट होते. फक्त परतीच्या वाटेवर आपले घर कोणत्या गल्लीत आहे हे त्यांना उमगत नव्हते. आम्ही फोनवर "हो, सगळं स्वतः करतात" असे सांगितले. ते खोटे नव्हते, तरीही अकराव्या दिवशी आश्रमातून निरोप आला की रात्री दोनदा फाटकाबाहेर गेले होते, आजच्या आज घेऊन जा.

त्यानंतर दुसरे केंद्र शोधताना जे शिकावे लागले ते इथे मांडत आहे. केंद्र पाहायला गेल्यावर आपण नकळत आपल्याच सोयीने पाहतो: इमारत नवी आहे का, खोलीला खिडकी आहे का, ऑफिसातल्या बाई आदबीने बोलतात का. ज्याला तिथे राहायचे आहे, त्याला मात्र काल रात्री काय घडले हे आज सांगता येत नाही. जेवण मिळाले नाही, कोणी दंडाला धरून ओढले, पहाटेपर्यंत ओल्या कपड्यांत पडून राहावे लागले, यांतले काहीही तो रविवारच्या भेटीत सांगणार नाही, आणि जे घडलेच नाही ते मात्र कदाचित घडले म्हणून सांगेल. म्हणून केंद्र पारखणे म्हणजे जे त्याला सांगता येणार नाही ते दाखल करण्याआधी, आणि दाखल केल्यावर सतत, आपण त्याच्या वतीने पाहून घेणे.

आजाराचे नाव आधी माहीत हवे

स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो, मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून येणारी अवस्था आहे. त्यात अल्झायमरचे प्रमाण सर्वांत जास्त, साधारण 60 ते 70 टक्के असते. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे येणारा, लेवी बॉडी नावाचा आणि मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा, हे त्याचे इतर प्रमुख प्रकार आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देण्याची सवय असल्यामुळे पुष्कळ कुटुंबे निदानाशिवायच थेट आश्रमाच्या दारात पोहोचतात. असे करू नये. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त यांमुळेही माणूस विसराळू आणि भ्रमिष्ट वाटू शकतो, आणि या गोष्टींवर उपचार होऊ शकतात. मेंदूविकारतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्याकडून प्रकार आणि टप्पा कागदावर लिहून घ्यावा. खासगी तपासणी परवडत नसेल तर कोल्हापुरातल्या सरकारी सी.पी.आर. रुग्णालयाची वाट धरावी, पण तपासणी टाळू नये.

या कागदाचा केंद्राशी थेट संबंध आहे. लेवी बॉडी प्रकारच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले गेले तर त्याचे शरीर ताठरू शकते आणि जिवावरही बेतू शकते. ज्या केंद्राने दाखल करताना "नेमका कोणता प्रकार सांगितलाय डॉक्टरांनी?" असे विचारले नाही, ते केंद्र सगळ्यांना एकाच मापाने मोजणार हे तिथेच ओळखावे.

भेटीची वेळ आपण ठरवावी

केंद्रे बहुधा सकाळी अकराची वेळ देतात. तोपर्यंत आंघोळी झालेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात आणि रुग्णही दिवसातल्या त्यातल्या त्यात बऱ्या वेळेत असतात. पहिली भेट अकराला घ्यावी, पण दुसरी संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान घ्यावी. स्मृतिभ्रंशात दिवस मावळताना बेचैनी वाढते. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड आणि शरीराच्या घड्याळातला बिघाड ही त्यामागची कारणे मानली जातात. माणूस चपला शोधतो, दार हलवतो, "घरी जायचंय" म्हणून रडकुंडीला येतो, कधी अंगावर धावून जातो. हे दोन तास एखादे केंद्र कसे निभावते यावरून उरलेल्या बावीस तासांची पुष्कळ कल्पना येते.

अण्णांनी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून उभे आयुष्य घालवले होते, आणि संध्याकाळ ही त्यांची गाडी भरून घेण्याची वेळ होती. स्मृती गेली तरी ती वेळ त्यांच्या अंगातून गेली नव्हती. साडेपाच वाजले की ते उठत, खिशात पेन आहे का ते चाचपत आणि "गाडी आलीया, रवं मोजायला पायजेत" म्हणत दाराकडे निघत. रवं म्हणजे गुळाच्या ढेपा. आम्ही पाहिलेल्या एका केंद्रात व्यवस्थापकांनी हे ऐकून लगेच सांगितले की पाचच्या चहाबरोबर एक गोळी दिली की असे लोक शांत बसतात. दुसऱ्या एका केंद्रात आम्ही त्यांना सोबत घेऊन संध्याकाळी गेलो होतो. तिथे कागलकडच्या एक मावशी कामाला होत्या. त्यांनी अण्णांना अडवले नाही. त्या त्यांच्या शेजारून दारापर्यंत चालत गेल्या आणि विचारले, "किती रवं भरायचं हायती अण्णा?" अण्णा म्हणाले, "दोनशे." मावशींनी त्यांना जेवणघरात नेले, घडी घातलेल्या नॅपकिनांची एक चळत पुढे ठेवली आणि एक कोरा कागद दिला. अण्णा अर्धा तास मोजत आणि पाचाच्या रेघा मारत बसले. मग चहा आला, तेव्हा गाडीचा विषय निघालाच नाही.

मावशींना हे सुचले, कारण त्यांनी दहा मिनिटांपूर्वी आम्हाला अण्णांचा धंदा विचारून घेतला होता. म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की केंद्र आपल्याला काय सांगते यापेक्षा ते आपल्याला काय विचारते, याकडे अधिक लक्ष द्यावे. दाखल करण्याच्या अर्जात फक्त बी.पी., शुगर आणि पैसे कोण भरणार एवढेच रकाने असतील तर सावध व्हावे. माणसाने काय काम केले, त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली चालते, कशाची भीती वाटते, आंघोळीला गरम पाणी लागते की कोमट, झोपण्यापूर्वी कोणता अभंग किंवा स्तोत्र म्हणायची सवय होती, हे विचारणारे केंद्र माणूस घेत असते. भाषेचाही विचार करावा. कोल्हापूर जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, बेळगावकडून लग्न होऊन आलेल्या कितीतरी बायका आहेत, ज्यांची माहेरची भाषा कन्नड आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची उरते. अशा आजींना पुण्याच्या एखाद्या चकचकीत केंद्रात फक्त हिंदी बोलणाऱ्या परिचारिकांच्या हाती सोपवले, तर "पाणी हवे" एवढेही त्यांचे म्हणणे कोणाला कळणार नाही.

रात्रीचा हिशेब

"आमच्याकडे तीस जणांना बारा माणसे आहेत," असे सांगितले की ऐकायला भरपूर वाटते. हा आकडा कागदावर उलगडून पाहावा. बारांपैकी प्रत्येकाला आठवड्याची एक सुटी असेल, तर कोणत्याही एका दिवशी प्रत्यक्ष हजर दहाच असतात. त्यांतले स्वयंपाक, धुणे आणि झाडलोट करणारे तीन वजा केले तर काळजी घेणारे सात उरतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतील तर दिवसा चार आणि रात्री तीन. आता तीसपैकी दहा जण अंथरुणाला खिळलेले आहेत असे धरू. अंथरुणातल्या माणसाला दाबजखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. वळवायला आणि डायपर बदलायला दोन माणसे आणि दहा मिनिटे लागतात. म्हणजे दहा जणांची एक फेरी शंभर मिनिटांची, आणि वीस मिनिटांनी पुढची फेरी सुरू. उरलेल्या वीस जणांसाठी, ज्यांत उठून भटकणारे, घाबरून ओरडणारे आणि संडास न सापडणारे सगळे आले, रात्रभर एकच माणूस असतो, आणि त्यानेही पाठ टेकायची नाही. हा हिशेब मांडल्यावर लक्षात येते की एकतर फेऱ्या होत नसणार, नाहीतर भटकणाऱ्यांना कसेतरी जागेवर बसवले जात असणार.

म्हणून प्रश्न नेमका विचारावा: आज रात्री बारा वाजता या इमारतीत जागे असे किती जण असतील, त्यांची नावे काय, आणि त्यांतला एखादा आला नाही तर बदली कोण? नर्सिंगचे शिक्षण घेतलेली व्यक्ती रात्री असते की फोनवर असते? कामाला किती जुनी माणसे आहेत हेही विचारावे. ओळखीचा चेहरा हे या आजारात अर्धे औषध असते, आणि जिथे दर दोन महिन्यांनी मावशी बदलतात तिथे रुग्णासाठी रोजच परक्याचा हात अंगाला लागत असतो. मावशींना पगार वेळेवर मिळतो का, हा प्रश्न विचारायला अवघड वाटला तरी विचारावा. शक्य असेल तर मावशींनाच विचारावा.

नकाराचे काय करता?

स्मृतिभ्रंश झालेला माणूस "नको" म्हणतो तेव्हा केंद्राची खरी परीक्षा होते. आंघोळीला नको, जेवायला नको, गोळ्या नको. त्याला समजावून उपयोग होत नाही, कारण समजावलेले टिकत नाही. आणि जबरदस्ती केली तर प्रसंग विसरला तरी भीती शिल्लक राहते. "आंघोळीला नको म्हणाले तर काय करता?" या प्रश्नाचे चांगले उत्तर साधे असते: थोड्या वेळाने परत विचारतो, दुसऱ्या मावशी जातात, नाहीच जमले तर त्या दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसून घेतो. "इथं आल्यावर सगळे ऐकायला शिकतात," असे उत्तर मिळाले तर तिथून निघावे.

नकाराला दोन वाईट उत्तरे असतात, बांधणे आणि गुंगीत ठेवणे, आणि दोन्ही बाहेरून आलेल्या माणसाला सहज दिसत नाहीत. ओढणीने मनगट पलंगाला किंवा चादरीने कंबर खुर्चीला बांधणे हे "पडू नयेत म्हणून" केले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, त्याने साखळदंडाला पूर्ण बंदी केली आहे, आणि जखडून ठेवणे हे तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसताना व मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनेच करता येते. विचार, भान किंवा स्मृती यांच्यात मोठा बिघाड होऊन निर्णयशक्ती गंभीरपणे ढासळणे हे या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येते, आणि अशा व्यक्तींना ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेतो असा फलक लावणाऱ्या केंद्राला ही नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. न्यास म्हणून नोंदणी झालेली असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि पुष्कळदा तोच कागद पुढे केला जातो.

औषधांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधे मुळात गंभीर मानसिक आजारांसाठी आहेत. स्मृतिभ्रंशात भास किंवा आक्रमकता फार वाढली, स्वतःला वा दुसऱ्याला इजा होण्याची भीती असली, तर तज्ज्ञ ती थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस देतात, आणि ते योग्यही असते. परंतु या औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबाबत 2008 मध्ये, दिला आहे. पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि चाल मंदावून पडण्याचा धोका तर नेहमीच असतो. त्यामुळे केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात: अशी गोळी सुरू करण्याआधी कुटुंबाला कळवता का, ती कोणते डॉक्टर लिहून देतात, आणि ती कमी किंवा बंद करण्यासाठी किती आठवड्यांनी फेरतपासणी होते. भेटीच्या वेळी हॉलमध्ये नजर टाकावी. दुपारी चार वाजता बहुतेक जण मान टाकून खुर्चीत झोपलेले, हनुवटीवर लाळ, समोर मोठ्याने टीव्ही, आणि कोणी कोणाशी बोलत नाही, असे दृश्य असेल तर त्या शांततेचे कौतुक करू नये.

फरशी, ताट आणि नदी

आपल्याला आवडणारी चकचकीत फरशी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ओली वाटते आणि तो पाऊल टाकायला घाबरतो. काळे पायपुसणे त्याला खड्डा वाटू शकते. आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेला तो परका माणूस समजून भिऊ शकतो, म्हणून आरसा झाकता येतो का हे विचारावे. पांढऱ्या भिंतीला लागून पांढरा कमोड त्याला नीट दिसत नाही. बसण्याची कड गडद रंगाची असेल तर सापडतो, आणि संडास सापडला की निम्मे डायपर वाचतात. दारावर शब्दांबरोबर चित्र आहे का, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत का, उंबरठा अडखळवतो का, रात्री संडासापर्यंत मंद दिवा असतो का, हे पाहावे. भटकणाऱ्या माणसाला चालायला सुरक्षित वाट हवी, जी फिरून पुन्हा आपल्याच जागी येते. कुलूपबंद खोली हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. फाटकाला कुलूप असेल तर आग लागल्यावर त्याची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र जरूर विचारावे.

एक जेवण पूर्ण पाहावे. मावशी शेजारी बसून भरवतात की उभ्याने, आधीचा घास गिळला की नाही हे पाहतात की नाही, हे पाच मिनिटांत कळते. आजार पुढे गेल्यावर गिळण्याची क्रिया बिघडते, अन्न श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून घाईने भरवणे हा इथे जिवाशी खेळ असतो. पांढऱ्या ताटातला पांढरा भात काहींना दिसतच नाही, आणि "जेवत नाहीत" असा शेरा वहीत पडतो. तांबडा रस्सा मिळतो का, हे विचारण्यापेक्षा मऊ भाकरी दुधात कुस्करून देण्याइतका वेळ कोणाकडे आहे का, हे विचारावे.

कोल्हापूरसाठी एक प्रश्न आणखी आहे, आणि तो कोणत्याही तयार यादीत सापडणार नाही: ही इमारत पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, आणि ऑगस्ट 2019 तसेच जुलै 2021 मध्ये नदी त्यापलीकडे कितीतरी वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. केंद्र स्वतः उंचावर असले तरी तिथपर्यंतचा रस्ता, वीज आणि पाणी पुराच्या हातात असू शकते. 2019 मध्ये तुम्ही काय केले, रुग्णांना हलवले का, औषधांचा आणि डायपरचा साठा किती दिवसांचा असतो, जनित्र कुठे ठेवले आहे, असे विचारावे. ज्यांनी तो पूर काढला आहे ते तपशिलात सांगतात. रुग्णवाहिकेला मोठ्या रुग्णालयापर्यंत पावसाळ्याच्या दिवसांत किती वेळ लागतो, हेही त्याच ओघात विचारून घ्यावे.

आणखी एक विचारावे: शेवटचे कोण, कधी पडले आणि तुम्ही काय केले? "आमच्याकडे कोणी पडतच नाही," या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. चालता येणारी म्हातारी माणसे जिथे राहतात तिथे पडझड होणारच. तारीख, वेळ, कारण आणि घरच्यांना केलेल्या फोनची नोंद असलेली वही जे दाखवतात, ते उद्या आपल्यालाही फोन करतील.

करारातली वाक्ये

महिन्याच्या आकड्यात काय धरले आहे आणि काय वेगळे लागणार आहे, हे लिहून घ्यावे: डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, हवेची गादी, रुग्णालयात सोबत राहणाऱ्या माणसाचा पगार. रुग्ण पंधरा दिवस रुग्णालयात असला तर त्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळते, हेही लिहून घ्यावे. पण सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य वेगळे आहे. चालणे थांबल्यावर, गिळणे थांबल्यावर, अखेरच्या दिवसांत तुम्ही ठेवून घेणार का? स्मृतिभ्रंश वाढत जाणारा आहे, आज जो फिरतो तो काही वर्षांनी अंथरुणात असेल, आणि नेमक्या त्या अवस्थेत केंद्राने हात वर केले तर नवी जागा शोधणे अतिशय कठीण जाते. सही कोणाची चालणार हेही आधी पाहावे. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले असे अनेकांना वाटते, परंतु ते देणाऱ्या माणसाचे भान गेले की ते कायद्याने टिकत नाही. वकिलांचा सल्ला निदानानंतर लगेच, समज शाबूत असताना घ्यावा.

"पोरं असून आश्रमात टाकलं" हे वाक्य आमच्याही कानावर आले. ज्यांनी ते उच्चारले त्यांच्यापैकी कोणी एकही रात्र अण्णांच्या मागे दारापर्यंत चालले नव्हते. घरी जमत असेल, पाळीपाळीने जागणारी माणसे असतील, तर घर चांगलेच. पण घरात कोंडून, कुलूप लावून कामाला जाण्यापेक्षा नीट पारखलेले केंद्र माणसाला अधिक मोकळे ठेवते, हे मी जबाबदारीने लिहिते. पर्याय सुचवायला किंवा तक्रार ऐकायला ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि घरच्यांचाच धीर सुटू लागला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कोणीतरी बोलायला असते.

ठेवल्यानंतर

काही केंद्रे सांगतात की सवय होईपर्यंत पंधरा दिवस भेटायला येऊ नका. भेटीनंतर माणूस बेचैन होतो हे खरे आहे, पण सरसकट बंदी मान्य करू नये. निदान लांबून तरी पाहू द्यावे, असा आग्रह धरावा. पुढे भेटीचे दिवस आणि वेळा बदलत राहाव्यात. गेल्यावर गप्पा मारता मारता टाचा आणि माकडहाड पाहावे, कारण दाबजखम तिथे आधी लाल डाग म्हणून दिसते. दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाभोवती रेघ, कोरडे ओठ, वाढलेली नखे, विशिष्ट व्यक्ती जवळ आली की आक्रसणारे अंग, यांची तारखेनिशी नोंद ठेवावी. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला किंवा माणूस अचानक गप्प झाला, तर "आजार वाढला" या उत्तरावर थांबू नये. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे किंवा नवी गोळी यांमुळे असे एकाएकी होते, आणि त्यावर उपचार करता येतात. दरमहा वजन मागून घ्यावे. जो बोलू शकत नाही त्याच्याबद्दल वजनाचा काटा बरेच काही सांगतो.

अण्णा मावशींच्या त्या केंद्रात गेले, आणि चौथ्या महिन्यात त्यांचे वजन अडीच किलोने उतरले. "जेवायला नको म्हणतात, या आजारात असंच होतं," असे तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्या मनापासून तसे समजत होत्या. मी जेवणाच्या वेळी गेले, तेव्हा अण्णा प्रत्येक घास तोंडात फिरवून परत काढत होते. तोंड उघडायला लावून पाहिले तर खालची कवळी हलत होती, आणि ती त्यांची नव्हतीच. रात्री सगळ्यांच्या कवळ्या धुवायला एकाच तसराळ्यात जात होत्या. शेजारच्या पलंगावरच्या गुरुजींची कवळी अण्णांच्या तोंडात होती आणि अण्णांची गुरुजींच्या. गुरुजींचेही वजन उतरले होते. केंद्राने ते नाकारले नाही. त्या आठवड्यात प्रत्येकासाठी झाकणाचा वेगळा डबा आला, त्यावर नाव आले, आणि महिन्याच्या वजनाच्या तक्त्यात कवळी तपासल्याचा एक रकाना वाढला. पुढच्या महिन्यात अण्णांचे वजन दीड किलोने वाढले, आणि गुरुजींचे एक किलोने.